पाणी सांगेल तिथं मुक्काम

बोटीवर चढताना पहिली जाते ती चप्पल. मालेच्या विमानतळाबाहेरच्या धक्क्यावरून धोनी, म्हणजे तिथली लांबट, उंच नाळेची बोट, आपल्याला हुलहुमालेजवळ नांगरलेल्या मोठ्या बोटीपाशी नेते. शिडीच्या तोंडाशी प्लॅस्टिकचा क्रेट असतो. सगळ्यांची पादत्राणं त्यात पडली, की तो आठवडाभरासाठी खाली कुठंतरी गडप होतो. जमिनीवर उतरायचंच नाही, तर चपला कशाला?

यंदाच्या अंकाचा विषय ‘मुक्काम’ आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा धर्मशाळा, वाडे, एसटीची रातवस्ती असणार. मला मात्र या बोटी आठवल्या. जगभर त्यांना लिव्हअबोर्ड म्हणतात, मालदीवमध्ये सफारी बोट. वीसेक पाहुणे, बारा-पंधरा कर्मचारी, आठ-दहा खोल्या, आणि दिवसातून तीनदा पाण्याखाली जाण्याचा एककलमी कार्यक्रम. सकाळी एका खिंडीत, दुपारी दुसऱ्याच खडकावर, रात्री तिसऱ्या बेटाच्या आडोशाला नांगर. आठवड्याला माणशी साधारण दीड ते अडीच लाख रुपये पडतात, विमानभाडं वेगळं. शिवाय सरकारचा हरित कर.

एवढे पैसे मोजून एवढं फिरायचं कशासाठी, हा प्रश्न घेऊन मी गेलो होतो. मालदीवची बहुतेक रिसॉर्ट प्रवाळाच्या अंगणातच उभी आहेत. तिथं राहूनही डायव्हिंग होतंच की. उत्तर पहिल्याच सकाळी मिळालं.

फळ्यावरची खिंड

सहा वाजता, कॉफीचा कप हातात घेऊन, सगळे वरच्या डेकवर जमतात. गाइड मालदीवचाच, तिशीचा, उन्हानं रापलेला. पांढऱ्या फळ्यावर तो दोन जाड रेघा ओढतो आणि मध्ये फट सोडतो. ही फट म्हणजे कांडू. कंकणद्वीपाचं कडं अखंड नसतं. जागोजागी अशा खिंडी असतात, आणि बाहेरचा खोल समुद्र नि आतलं उथळ पाणी यांच्यातला सगळा व्यवहार त्यांतून चालतो. पाणी आत येत असेल तेव्हा ते महासागराचं, स्वच्छ असतं. त्या तोंडावर ग्रे रीफ शार्क प्रवाहाला सामोरे होऊन जवळजवळ जागच्या जागी तरंगत राहतात. पाणी बाहेर पडत असेल तेव्हा ते गढूळ, आणि पाणबुड्याला कडेवरून उचलून खुल्या समुद्रात नेणारं. जागा तीच, काही तासांनी तिथं उतरणं शहाणपणाचं नसतं.

रिसॉर्टच्या पाहुण्याला न्याहारीची वेळ सांभाळायची असते आणि त्याच्या आवाक्यातल्या जागा चार. बोटीला दोन्ही बंधनं नाहीत. आत येणारं पाणी इथं नसेल, तर जिथं असेल तिथं जेवणाच्या वेळात जाऊन पोचायचं. बोट पाहुण्यांसाठी फिरत नाही, पाण्यासाठी फिरते.

भरती-ओहोटीवर पुन्हा वाऱ्याचा अंमल. डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचे मोसमी वारे असतात, त्यांना तिथं इरुवाई म्हणतात. तेव्हा प्रवाह साधारण पूर्वेकडून पश्चिमेकडे. पूर्वेच्या खिंडी स्वच्छ, म्हणून शार्क तिकडं. कंकणाच्या आतून फिरून प्लवकांनी दाट झालेलं पाणी पश्चिमेला बाहेर पडतं, म्हणून मांटा रे तिकडं. मेपासून हुलहांगू, म्हणजे आपलेच नैर्ऋत्य मोसमी वारे, आणि सगळा मामला उलटा.

कॅप्टन पन्नाशीचा, मासेमारांच्या घरातला. मालदीवची जुनी माणसं वर्षाचे सत्तावीस भाग पाडतात, एकेक तेरा-चौदा दिवसांचा. रोआनू, मियाहेली, अधा, फुनोस अशी त्यांची नावं. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू! आमच्यात ठाण्याच्या एक बाई होत्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, मालवणात पहिल्यांदा पाण्याखाली डोकं घातलं आणि मग थांबल्याच नाहीत अशा. बोटीवर मी त्यांना मावशी म्हणायला लागलो आणि दोन दिवसांत गाइडपासून इटालियन जोडप्यापर्यंत सगळ्यांच्याच त्या मावशी झाल्या. नक्षत्रं ऐकताच त्यांनी गाइडकरवी कॅप्टनला विचारलं, “आमच्याकडं मृग लागला की पेरणीची घाई. तुमच्याकडं?” कॅप्टन म्हणाला, “मासा कुठल्या बाजूला गेला असेल, ते.” पर्यटकांना शार्क दाखवायचं त्याचं कसब आजोबांच्या टूना पकडण्याच्या कसबातूनच आलेलं आहे. फक्त गिऱ्हाईक बदललं.

बत्तीस टक्के

मोठ्या बोटीच्या मागून एक धोनी सावलीसारखी चालत असते. टाक्या, सूट, पट्टे, फिन्स, सगळा संसार तिच्यावर. हवा भरणारा कॉम्प्रेसरही तिच्यावरच, आणि मालदीवची ही पद्धत मला फार सोयीची वाटली; इतर देशांत तोच कॉम्प्रेसर पाहुण्यांच्या उशाखाली धडधडतो. डायव्ह संपवून आपण वर येतो, धोनी मोठ्या बोटीला लागते, पाहुणे न्याहारीला जातात, आणि मागं दोन पोरं रिकाम्या टाक्यांना एकेक नळी जोडत बसतात. पट्टे टाकीवरून काढायचेसुद्धा नाहीत. पुढच्या डायव्हला आपली जागा, आपली टाकी, तीच.

बारा लिटरच्या टाकीत २०० बार दाबानं हवा भरली, की हिशेबात २४०० लिटर हवा झाली. पृष्ठभागावर शांत माणूस मिनिटाला वीसेक लिटर ओढतो. वीस मीटर खाली दाब तिप्पट, म्हणून हवाही तिप्पट लागते, साठ लिटर. पन्नास बार राखून वर यायचं, म्हणजे हातात राहतात १८०० लिटर आणि अर्धा तास. घाबरलेल्याला पंधरा मिनिटंही पुरत नाहीत. मावशींची टाकी मात्र नेहमी सगळ्यांपेक्षा भरलेली निघायची. “पंचवीस वर्षं काउंटरवर बसलेय,” त्या म्हणायच्या, “धाप लागू न देता दिवस कसा काढायचा ते कळतं.”

हवा पुरली तरी दुसरी मर्यादा उरतेच, नत्राची. दाबाखाली नत्र अंगात विरघळतो, आणि घाईनं वर आलं तर सोड्याची बाटली उघडावी तसा फसफसून बाहेर पडतो; सांधे, मज्जारज्जू, कशातही. दिवसाला तीन डायव्ह, सलग दिवस, म्हणजे हा नत्र पूर्ण उतरायला सवडच नाही. म्हणून बोटींवर नायट्रॉक्सची चाल आहे. हवेत प्राणवायू २१ टक्के, नायट्रॉक्समध्ये बहुधा ३२. तीस मीटरवर साध्या हवेवर वीसेक मिनिटं मिळतात, नायट्रॉक्सवर तीसेक. प्राणवायूचा मोबदला असा, की साधारण चौतीस मीटरच्या खाली तोच घातक ठरू लागतो. मालदीवमध्ये हौशी पाणबुड्यांना कायद्यानं तीस मीटरचीच परवानगी असल्यानं दोन्ही मर्यादा सोयीस्कर जुळतात.

प्रत्येकानं आपली टाकी आपण तपासायची असते. लहानसा मापक नळाला लावायचा, आकडा बघायचा, वहीत लिहायचा, सही ठोकायची. बँकवाल्या मावशींना हे फार आवडलं. पुण्याचा एक तरुण “चलता है” म्हणून तसाच सही करायला निघाला, तेव्हा त्यांनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

हुक

वावू कंकणद्वीपाच्या पूर्व कडेला मियारू कांडू आहे. तिथं उतरायची रीत वेगळी. आधी गाइड एकटा उडी मारतो, मास्क पाण्यात घालून प्रवाहाचा अंदाज घेतो, वर बघून हातानं दिशा दाखवतो. कॅप्टन धोनी थोडी वर, म्हणजे प्रवाहाच्या उगमाकडे नेतो. मग सगळ्यांनी एकदम उडी मारायची, पाण्यात तरंगवणाऱ्या जॅकेटमधली हवा आधीच काढलेली, आणि थेट खाली. पृष्ठभागावर हाय-हॅलो करत रेंगाळलं तर खिंड चुकते आणि आपण भलतीकडं.

खाली निळ्याशिवाय काही नसतं, आणि मग एकाएकी खिंडीचा उंबरा वर येतो. तिथं मेलेल्या खडकाच्या सांदीत हुक अडकवायचा. हुकाला दोरी, दोरी जॅकेटला, जॅकेटमध्ये थोडी हवा. पतंगासारखे पंधरा-सोळा जण त्या उंबऱ्यावर फडफडत राहतात. प्रवाह एवढा, की मान वळवली तर मास्क सुटायला बघतो. आणि समोर, जिथून पाणी येतंय तिथं, ग्रे रीफ शार्क. शेपटी सोडली तर अंगात हालचाल नाही. त्यांच्या मागं ईगल रेंची रांग, आणखी मागं टूनांची चंदेरी धावपळ. शार्क आपल्याकडं ढुंकूनही बघत नाहीत. भीती वाटेल असं मी गृहीत धरलं होतं. वाटलं ते इतकंच, की आपण कुणाच्या तरी कामाच्या वेळेत आलोय.

मनगटावरचा डायव्ह संगणक नत्राची मिनिटं मोजत उलटा येतो. गाइड टाळी वाजवल्यासारखी खूण करतो, हुक सुटतात आणि पाणी आपल्याला खिंडीतून आत फेकतं. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, नारिंगी लांबट फुगा वर सोडायचा, म्हणजे धोनीला आपण कुठं निघालोय ते कळतं. वर आल्यावर सगळे एकदम बोलायला लागतात आणि कुणीच कुणाचं ऐकत नाही.

याच वावूमध्ये अलिमाथा नावाच्या रिसॉर्टच्या धक्क्यापाशी रात्रीची डायव्ह असते. नर्स शार्क डझनांनी येतात, टॉर्चच्या उजेडात मांडीवरून, डोक्यावरून सरपटत जातात. लोक तिच्यासाठी वेडे होतात. मला ती आवडली नाही. वर्षानुवर्षं माशांचे तुकडे टाकून लावलेली ती सवय आहे. देवळाबाहेरची माकडं बघायला मी एवढ्या लांब आलो नव्हतो.

जिवंत शार्कचा भाव

मालदीवमध्ये पर्यटन १९७२ साली सुरू झालं. त्याआधी हान्स हास हा ऑस्ट्रियन पाणबुडा ‘झारिफा’ नावाचं शिडाचं जहाज घेऊन १९५७-५८ साली इथं येऊन गेला होता. जहाजावर राहायचं, तिथूनच पाण्यात उतरायचं. तो संशोधनाला आला होता, आपण मौजेला येतो, पण रीत तीच.

शार्कना तेव्हा तिथं किंमत होती ती पंखांची आणि यकृताच्या तेलाची. अँडरसन आणि अहमद यांनी १९९३ साली एक हिशेब मांडला. मारलेल्या ग्रे रीफ शार्कचे मासेमाराला एकदाच ३२ डॉलर मिळतात. तोच डायव्हिंगच्या जागी जिवंत राहिला, तर देशाला सरासरी वर्षाला ३३०० डॉलर मिळवून देतो. अरी कंकणद्वीपातल्या ‘फिश हेड’ या नामांकित जागी तर हा आकडा दहापट. गंमत नव्हे, पण त्याच फिश हेडवरचे शार्क पुढं मासेमारीत घटले. १९९५ साली सरकारनं डायव्हिंगच्या पंधरा जागा राखीव केल्या, त्यांत हीही आली. २०१० साली देशभर शार्क मारण्यावर बंदी आली.

पर्यावरणाच्या कामात इतका सरळ सौदा क्वचित जमतो. पाणबुड्याचा डॉलर थेट शार्कच्या जिवाला लागू पडला. म्हणजे गर्दीचा त्रास नाही असं नाही. दक्षिण अरीच्या बाहेरच्या कडेला व्हेल शार्क वर्षभर दिसतात, बहुतेक कोवळ्या वयाचे नर. एकाचा ठिपका दिसला, की धोन्या शिट्ट्या मारत जमतात, माणसं धपाधप पाण्यात पडतात. तीन-चार मीटर अंतर राखायचा नियम फिन्सच्या फेसात वाहून जातो. बा कंकणद्वीपातल्या हनिफारूमध्ये मात्र सरकारनं हात आखडला. मांटांचे थवेच्या थवे प्लवक खायला तिथं जमतात, म्हणून तिथं टाक्या लावून उतरायला मनाई आहे. नुसत्या नळीनं पोहायचं, तेही ठरलेल्या वेळेपुरतं आणि रेंजरच्या नजरेखाली. बुडबुड्यांनी मांटा बिचकतात. सफारी बोटींना हे पटलं नव्हतं. आता त्याच बोटी हनिफारूची छायाचित्रं जाहिरातीत छापतात.

आपलाच दगड

एका दुपारी, डायव्हच्या मधल्या सुस्तीत, पुण्याच्या तरुणानं विचारलं की खाली एवढी खोली आणि मध्येच ही बेटं, हे आलं कुठून. भूगर्भशास्त्राचं उत्तर आपल्या घरापर्यंत पोचतं. आज रियुनियन बेटाखाली पृथ्वीच्या पोटात एक तप्त जागा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ती भारताच्या खाली होती आणि तिथून उसळलेल्या लाव्ह्याचे थर म्हणजे आपलं दख्खनचं पठार, आपला सह्याद्री. मग भारत उत्तरेकडं सरकत गेला. शिवणयंत्राची सुई जागेवर, कापड पुढं, तसे टाके पडत गेले: लक्षद्वीप, मालदीव, चागोस.

हे ज्वालामुखी विझले आणि हळूहळू बुडत गेले. त्यांच्या कडेनं वाढणारे प्रवाळ उजेडासाठी वरवर चढत राहिले. डोंगर दिसेनासा झाला, प्रवाळाचं कडं उरलं. ही कल्पना डार्विननं १८४२ साली पुस्तकात मांडली होती. पुरावा मिळाला तो प्रशांत महासागरातल्या एनेवेटाक बेटावर, १९५२ साली, अमेरिकनांनी हजार मीटरहून खोल चुनखडी भेदून खालच्या बेसाल्टला हात लावला तेव्हा. मालदीवखालचा चुनखडीचा थर सुमारे दोन किलोमीटरचा आहे, आणि त्याखाली पुन्हा तोच काळा दगड. रायगडावर पाय ठेवता तोच. तरुण थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “म्हणजे व्हिसाबिसाची भानगडच नको.”

एवढा जाड थर ज्यानं रचला, तो जीव शेंगदाण्याएवढाही नसतो, आणि तो एकटा रचत नाही. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. त्याला घर मिळतं, प्रवाळाला साखर. अन्नाचा मोठा वाटा या पोटभाडेकरूकडूनच येतो.

पांढरं

पाण्याचं तापमान नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा अंशभर जरी जास्त चढलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर हा करार मोडतो. प्रवाळ शैवालाला बाहेर काढतो, रंग जातो, सांगाडा पांढरा दिसू लागतो. तेव्हा तो मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर वाचतो. १९९८च्या एल निनोत मालदीवच्या मधल्या कंकणद्वीपांतले उथळ पाण्यातले बहुतेक प्रवाळ वाचले नाहीत. पंधरा-सोळा वर्षांत बऱ्याच जागा पुन्हा भरल्या, तोवर २०१६ आलं. मग एप्रिल २०२४मध्ये विरंजनाची, म्हणजे प्रवाळ असे पांढरे पडण्याची, जगातली चौथी व्यापक लाट शास्त्रज्ञांनी जाहीर केली. मालदीव त्यात होतं, आपलं लक्षद्वीपही.

अरीमधल्या एका थिलावर, म्हणजे पाण्याखालीच राहणाऱ्या टेकाडावर, हे डोळ्यांनी दिसतं. वीस मीटरवर पंखाकृती गॉर्गोनियन, मऊ प्रवाळ, पिवळ्या स्नॅपरांचे ढग, सगळं जागेवर. वर दहा मीटरपर्यंत आलो की टेबलासारखे प्रवाळ उभे, पण तपकिरी शेवाळानं मढलेले. मध्येच तळहाताएवढी जांभळी, हिरवी नवी पालवी. शार्क बघून हरखलेली माणसं या भागातून नुसती घड्याळाकडं बघत जातात. सेफ्टी स्टॉपची तीन मिनिटं.

शार्कच्या बाबतीत जो सौदा जमला, तो इथं लागू होत नाही. शार्कला मारणारा हात गावातला होता, त्याला पर्याय देता आला. प्रवाळाला मारणारी उष्णता कुठल्या एका गावची नाही, आणि आम्हा सगळ्यांचं विमान नि बोटीचं डिझेल तिच्यात जमा आहेच. रीफवर नांगर टाकू नका, हात लावू नका, सनस्क्रीन जपून; हे सगळं पाळायलाच हवं. पण ते पाळलं म्हणून पाणी निवत नाही, आणि जाहिरातींत जेव्हा ‘प्रवाळ वाचवणारी सहल’ असं लिहिलेलं दिसतं तेव्हा मला ते खोटं वाटतं. शिवाय मालदीवला स्वतःची घाई आहे. जमीन सरासरी दीड मीटर उंचीची आणि राजधानी माणसांनी गच्च. हुलहुमाले हे अख्खं बेट १९९७पासून समुद्रतळाची वाळू उपसून, लगूनवर भर घालून रचलेलं आहे. त्या उपशाचा गाळ शेजारच्या प्रवाळावर बसतो. डायव्ह गाइडचं घर त्याच बेटावर, सातव्या मजल्यावर आहे. त्याला काय सांगणार?

खालच्या डेकवर

कर्मचाऱ्यांत मालदीवची माणसं म्हणजे कॅप्टन, गाइड आणि धोनीवाले. बाकी बांगलादेश, श्रीलंका, तमिळनाडू, केरळ. आचारी चित्तगावचा. सकाळी तो मस हुनी करायचा: टूना, खोवलेलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, सगळं हातानं चुरून, सोबत पातळ रोशी. पाहुण्यांसाठी शेजारी बेकन नि पॅनकेकही असायचे, पण कर्मचाऱ्यांच्या पंगतीत मस हुनीच, आणि मावशी तिसऱ्या दिवसापासून त्याच पंगतीला.

रात्री एक जण जागा असतो. तो डेकवर फेऱ्या मारतो, नांगर बघतो, इंजिनात डोकावतो. २०१९ साली कॅलिफोर्नियात ‘कन्सेप्शन’ नावाच्या डायव्ह बोटीला रात्री आग लागून ३४ माणसं गेली. चौकशीत निघालं की रात्रीचा पहारेकरीच फिरत नव्हता. तेव्हापासून समजूतदार बोटींवर कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या खोलीत चार्ज करू देत नाहीत. बोट निवडताना जेवणाची छायाचित्रं बघण्यापेक्षा हे दोन प्रश्न आधी विचारावेत: रात्री कोण जागतं, आणि खालच्या खोल्यांतून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का.

शेवटच्या दिवशी डायव्ह सकाळीच आटपतात. अंगातला नत्र उतरल्याशिवाय विमानात बसायचं नाही, अठरा ते चोवीस तास. त्या सक्तीच्या सुटीत बोट मालेला लागते, क्रेट वर येतो, लोक चपला घालून अडखळत मासळीबाजार बघायला जातात. १६५८ साली प्रवाळाच्याच कोरीव दगडांत बांधलेली मशीद तिथून चालत जाण्यासारखी आहे.

आंग्रियाचं काय

मशिदीकडून परतताना मावशींनी विषय काढला. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, पूर्ण पाण्याखाली असलेली प्रवाळभूमी. २०१९ साली ‘सिंधु साधना’ या संशोधन जहाजावरून शास्त्रज्ञांनी तिची पाहणी केली. तिथं ना बेट, ना रिसॉर्ट. जायचं तर बोटीवर राहूनच जायला हवं. म्हणजे महाराष्ट्राला खरा लिव्हअबोर्ड लागेल तो तिथंच.

गाइडला आम्ही नकाशा दाखवला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, सर्वांत उथळ जागा किती? वीस मीटरच्या पुढं. मग तो मान हलवत बोटं मोडू लागला. नवशिक्यांना नेता येणार नाही. वारा सुटला तर आडोशाला एकही बेट नाही. नांगर टाकाल तर प्रवाळावर पडेल, म्हणून आधी कायमचे बोये बसवा. डिकंप्रेशन चेंबर किती तासांवर आहे ते बघा. ऑक्टोबरनंतरचे मोजके महिने मिळतील. आणि प्रवाह वाचणारा माणूस हवा. तो शाळेत तयार होत नाही, मासेमारांत सापडतो. “तुमच्याकडं मासेमार आहेत ना?”

“मालवणात हवे तेवढे,” मावशी म्हणाल्या. नाव नोंदवून ठेवू का, असं मी विचारल्यावर त्यांनी माझ्याकडं काउंटरवरून बघावं तसं बघितलं. “आधी बोट दाखवा. मग सही.”